खुनाची गोष्ट सांगतोय कोण? निवेदक पारखून रहस्यकादंबरी वाचण्याची रीत

खुनाची कादंबरी हातात घेतली की पहिल्या पानापासून आपण खुनी शोधायला लागतो. ज्याच्या तोंडून सगळी हकीकत ऐकतोय त्याच्याकडे सहसा कुणी बघत नाही. प्रथमपुरुषी रहस्यकादंबरीत हे महागात पडतं. वाड्यात कोण आलं, दिवा कधी मालवला, मयताचं घड्याळ कुठल्या हातात होतं, हे सगळं त्या ‘मी’ने सांगितलं तेवढंच आपल्यापर्यंत पोचतं. म्हणून वाचताना एक प्रश्न सतत हाताशी ठेवायचा: हे याला कसं कळलं? तो कुठे, कधी आणि किती विचारायचा, एवढंच शिकायचं असतं.

विश्वासार्ह निवेदक म्हणजे सत्यवचनी निवेदक, असं समजू नका. चांगला निवेदक चुकतो, पण त्याच्या चुकीला कारण असतं. अंधार होता, घाबरला होता, बहिणीवर जीव होता, मालकाचा राग होता, कान अधू होता. ज्याला सगळं दिसतं, सगळं आठवतं आणि ज्याचं कुणाशीच काही देणंघेणं नाही, तो एकतर काहीतरी लपवतोय किंवा लेखकाने त्याच्यावर मेहनतच घेतलेली नाही. दुसरी शक्यता जास्त वेळा खरी निघते.

पुस्तक निवडताना

घेण्याआधी उभ्याउभ्या पहिली पाच पानं वाचावीत. अप्पा बळवंत चौकात ते जमेलच असं नाही. जूनमध्ये पाठ्यपुस्तकांच्या गर्दीत तर नाहीच. ग्रंथालयात जमतं. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासूनचं, नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय १९११ पासूनचं. अशा जुन्या संग्रहांत रहस्यकथा वर्षानुवर्षं फिरत असतात. पुस्तकाला चिकटवलेली तारखांची चिठ्ठी शिक्क्यांनी भरलेली असेल तर ते पुस्तक लोकांनी मनापासून वाचलंय एवढं नक्की. मलपृष्ठावरचा मजकूर मात्र वाचू नका. अनुवादाची प्रस्तावनाही शेवटीच वाचा. अर्धं रहस्य प्रस्तावनेतच फोडून ठेवायची सवय आपल्याकडे बऱ्याच विद्वानांना आहे.

पाच पानांत बघायचं काय? निवेदक हे कधी आणि कुणासाठी सांगतोय, हे पहिलं. घटना घडून आठवडा झालाय की तीस वर्षं? पोलिसांना जबानी देतोय, वहीत लिहितोय, की नुसताच बोलतोय? याचा पत्ता पाच पानांत लागला नाही तरी चालेल, पण पन्नास पानांत लागायलाच हवा. दुसरं, त्याचा पेशा त्याच्या नजरेत उतरलाय का. हिशेबनिसाला आकडे दिसतात, शिंप्याला उसवलेली शिवण दिसते. निवेदक डॉक्टर असेल आणि प्रेत बघताक्षणी “मृत्यू दहा वाजून वीस मिनिटांनी झाला” असं छातीठोकपणे सांगत असेल, तर पुस्तक खाली ठेवायला हरकत नाही. मृत्यूनंतर साधारण दोन ते चार तासांत जबडा आणि मान ताठायला लागतात, बारा तासांच्या आसपास ताठरपणा सर्वांगात भरतो, आणि उन्हाळ्यात हे सगळं लवकर होतं. खरा डॉक्टर “आठ ते बाराच्या दरम्यान” असंच म्हणेल आणि वर खिडकी उघडी होती का ते विचारेल.

तिसरी गोष्ट सहज निसटते: त्याला लांबलचक संभाषणं शब्दशः कशी आठवतात? रेक्स स्टाउटने याची सोय छान केली आहे. त्याच्या मालिकेचा (पहिलं पुस्तक १९३४) निवेदक आर्ची गुडविन हा सहसा घराबाहेर न पडणाऱ्या गुप्तहेर नीरो वुल्फचा मदतनीस. बाहेर जाऊन लोकांशी बोलायचं आणि परत येऊन मालकाला ते शब्दशः सांगायचं, हेच त्याचं काम. त्यामुळे दहा पानी संवाद त्याच्या तोंडी खोटे वाटत नाहीत. प्रत्येक पुस्तकात इतकी चोख व्यवस्था नसते, पण लेखकाने विचार केलाय की नाही ते कळतं.

कुणापासून सुरुवात करावी

सवय नसेल तर सोबत्यापासून करा. सोबती तपास करणाऱ्याच्या शेजारी उभा असतो, जे त्याला दिसतं तेच यालाही दिसतं, पण अर्थ लागत नाही. शेरलॉक होम्सचा वॉटसन हा त्यातला सर्वांत ओळखीचा. १८८७ च्या पहिल्या कादंबरीत तो आपली ओळख करून देतो तेव्हा अफगाण युद्धावर जाताना आधी मुंबईला उतरल्याचं सांगतो, हे आपल्याकडच्या वाचकांच्या लक्षातही राहत नाही. अशा सोबत्याने कसं वागावं याचा नियमही आहे. रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूने १९२९ मध्ये रहस्यकथांसाठी दहा नियम लिहिले. त्यातला नववा सांगतो की सोबत्याने मनात आलेला कुठलाही विचार वाचकापासून लपवू नये, आणि त्याची बुद्धी सर्वसाधारण वाचकापेक्षा किंचित, अगदी किंचितच कमी असावी. बंगालीतल्या ब्योमकेश आणि फेलूदा या गुप्तहेरांचे सोबती, अजित आणि तोपशे, हे याच पंगतीतले. फेलूदाचे अशोक जैन यांनी केलेले मराठी अनुवाद मिळतात. त्यात दर वेळी खून असतोच असं नाही, पण तोपशेची पोरसवदा, चौकस नजर कान तयार करायला फार उपयोगी पडते.

एक तुलना जरूर करून बघा. होम्सच्या ५६ लघुकथा आणि चार कादंबऱ्या आहेत. बहुतेक सगळं वॉटसन सांगतो, पण दोन कथा खुद्द होम्सने सांगितल्या आहेत. वॉटसनच्या पाचसहा कथा वाचून मग त्यातली एक वाचा. वॉटसनला उत्तर माहीत नसतं, म्हणून त्याचं गप्प राहणं खुपत नाही. होम्सला माहीत असतं. तो ते दाबून ठेवतोय हे जाणवत राहतं आणि मजा कमी होते. निवेदक बदलला की तेच कोडं कसं फिकं पडतं, हे इतकं स्वच्छ दुसरीकडे दिसणार नाही.

तपास करणारा स्वतःच बोलतो तेव्हा वेगळी काळजी घ्यायची. रेमंड चँडलरचा मार्लो (पहिली कादंबरी १९३९) काय पाहिलं, काय केलं, कुणाला काय टोमणा मारला ते सगळं सांगतो. निष्कर्ष मात्र खिशात ठेवतो. त्याने एखादी वस्तू उचलली आणि तिच्याबद्दल पुढे चकार शब्द काढला नाही, तर ते पान लक्षात ठेवा.

भाबडा निवेदक मला सर्वांत आवडतो. मूल, नोकर, नवखा पाहुणा. त्याला अर्थ कळत नाही, म्हणून तो समोरचं जसंच्या तसं मांडतो आणि अर्थ लावायचं काम तुमच्यावर येतं. मार्क हॅडनच्या २००३ च्या कादंबरीतला पंधरा वर्षांचा ख्रिस्तोफर शेजारणीच्या कुत्र्याच्या खुनाचा तपास करतो. मोठी माणसं त्याच्यासमोर जे बोलतात त्यातलं निम्मं त्याला उमगत नाही आणि वाचकाला मात्र पोटात गोळा येतो. म्हातारपणी तरुणपण आठवणारा निवेदक हवा असेल तर उंबेर्तो एकोची १९८० ची मठातली कादंबरी आहे. घटना १३२७ मधल्या, सांगणारा अॅड्सो वृद्ध झालेला. तिथे ‘तेव्हा मला काय वाटलं’ आणि ‘आता काय वाटतं’ हे दोन स्वर वेगळे करत वाचावं लागतं. मात्र पहिलंच पुस्तक म्हणून ती घेऊ नका, पन्नास पानांत दमाल.

अनेकांच्या साक्षी जोडून रचलेली गोष्ट ही पुढची पायरी. विल्की कॉलिन्सची १८६८ ची हिऱ्याची कादंबरी मुळात चोरीचं कोडं आहे. हिराही आपल्याकडचा, १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या लुटीत गेलेला. तिच्यात प्रत्येक निवेदकाला अट घातलेली असते: त्या वेळी तुला स्वतःला जेवढं माहीत होतं तेवढंच लिही, पुढचं नको. जुना कारभारी बेटरेज ही अट कुरकुरत पाळतो. सगळ्या प्रथमपुरुषी रहस्यकथांना ही अट लावून बघावी. आकुतागावाची १९२२ ची बांबूच्या बनातली कथा याच्या अगदी उलट टोकाची. एका मृत्यूबद्दल सात जबान्या, त्या एकमेकींशी जुळत नाहीत आणि उत्तरही मिळत नाही. ती जेमतेम काही पानांची आहे, एका बैठकीत वाचा आणि खुनी शोधायच्या फंदात पडू नका.

मराठीत बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर पुस्तकांची गंमत वेगात, वेषांतरात आणि झुंजार-काळापहाडच्या करामतीत आहे; त्यांना निवेदकाची कसोटी लावून हिरमोड करून घेऊ नये. दिवाळीत ‘धनंजय’सारख्या अंकांतून मात्र ‘मी’ने सांगितलेल्या गूढ आणि रहस्यकथा भरपूर मिळतात, आणि त्या लहान असल्याने सरावाला बऱ्या. मराठी निवेदिकेचा आवाज कसा अंगावर येतो हे ऐकायचं असेल, तर हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ वाचा. खुनाशी काही संबंध नाही. पण यमू जे बोलते त्यापेक्षा जे बोलायचं टाळते ते ऐकायला शिकलात, तर अर्धी विद्या हाती आली.

अॅगाथा ख्रिस्तीची रॉजर अॅक्रॉइडच्या खुनाची १९२६ ची कादंबरी वाचली नसेल, तर या सगळ्यांच्या आधी ती वाचून काढा. तिच्याविषयी कुणी बोलायला लागलं तर उठून चहा टाकायला जा.

पाठकोरा कागद आणि पेन्सिल

एक पाठकोरा कागद आडवा धरून तीन रकाने पाडा: पाहिलं, ऐकलं, धरून चालला. प्रत्येक नोंदीपुढे पानाचा आकडा. कागदाच्या मागे माणसांची नावं आणि नाती. आठ ते बारा माणसं असतात, जास्त असली तर प्रत्येकाला एक खूण द्या. वाचता वाचता लिहू नका, लय तुटते. प्रकरण संपलं की दोनतीन ओळी लिहा. तीनशे पानांच्या कादंबरीला वीसेक नोंदी पुरतात. चाळीस झाल्या तर तुम्ही कादंबरी वाचत नसून पंचनामा करताय. ग्रंथालयाच्या प्रतीवर खुणा करू नका. आधीच्या एखाद्या उत्साही वाचकाने पात्रांच्या यादीत खुन्याच्या नावापुढे फुली मारलेली असू शकते, म्हणून ते पान कागदाने झाकूनच पुढे जा.

पहिली तीस पानं सावकाश वाचायची. खून व्हायच्या आधी निवेदक बेसावध असतो आणि खरं काय ते तिथेच बोलून जातो. पुढे एका बैठकीत साठ ते ऐंशी पानं, आणि दोन बैठकांत दोन दिवसांपेक्षा जास्त अंतर नको. लहानसहान तपशील तेवढ्यात विरून जातात. मग शेवटी उकल होते तेव्हा ‘अरेच्चा’ ऐवजी ‘असं कधी म्हणाला होता?’ असं होतं.

एक उतारा, जवळून

सरावासाठी एक परिच्छेद रचला आहे. निवेदक सदाशिव पेठेतल्या वाड्यात तळमजल्यावर राहणारा भाडेकरू, खून माडीवर राहणाऱ्या मालकांचा.

“रात्री साडेदहाच्या सुमाराला मी दिंडीला कडी घातली. नानासाहेबांच्या खोलीत दिवा होता. हिशेब लिहीत बसले असणार, महिनाअखेर होती. थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली. सुधाकर खाली उतरून मोरीकडे गेला आणि परत वर आला. पावसाने जोर धरला होता. मी झोपलो. सकाळी कामवाल्या बाईंच्या किंकाळीने जाग आली, तेव्हा दिंडीची कडी निघालेली होती.”

एकदा वाचून काही खटकत नाही. आता रकाने भरू. कडी घातली आणि दिवा होता, हे पाहिलेलं. दिव्याचा उजेड चौकातून दिसू शकतो, म्हणजे ठीक. ‘हिशेब लिहीत बसले असणार’ हे धरून चाललेलं, आणि निवेदकाने ‘असणार’ म्हणून ते प्रामाणिकपणे कबूलही केलंय. पावलं वाजली, हे ऐकलेलं. पण लगेच पुढचं वाक्य? पावलं वाजली एवढंच त्याला कळलं असेल, तर ती सुधाकरची हे कसं कळलं, आणि तो मोरीकडेच गेला हे कसं? पाऊस जोरात असताना मोरीतला आवाज खोलीत येईल का? इथे ‘असणार’ गायब आहे. ऐकलेल्यावरून बांधलेला अंदाज पाहिल्यासारखा मांडलाय. सुधाकर रोज झोपण्याआधी खाली जात असेल तर ही नुसती सवयीची चूक आहे. नसेल, तर निवेदक आपल्या खोलीत नव्हता.

आता शेवटचा शब्द. ‘परत वर आला.’ तळमजल्यावर बसलेला माणूस म्हणेल ‘परत वर गेला’. वर ‘येतो’ तो, ज्याच्याकडे बोलणारा वरून बघत असतो. म्हणजे हा भाडेकरू त्या वेळी माडीवर होता? किंवा लेखकाच्या हातून शब्द सहज गेला? एका शब्दावर माणसाला फाशी देता येत नाही. कागदावर पान लिहायचं, पुढे प्रश्नचिन्ह टाकायचं आणि वाचत राहायचं. निकाल दुसऱ्या जबानीत लागतो. फौजदारासमोर हाच प्रसंग सांगताना तो ‘गेला’ म्हणाला, तर शब्द बदलल्याची नोंद करा. पुन्हा ‘आला’च म्हणाला आणि फौजदाराने मान वर करून पाहिलं, तर लेखक जागा आहे.

उघड्या कडीचं काय? ती त्याने स्वतः पाहिली की कुणी सांगितलं हे स्पष्ट नाही, पण त्याला दुसरा आधार आहे. कामवाल्या बाई बाहेरून येतात. दिंडी आतून बंद असती तर कुणीतरी उठून उघडल्याशिवाय त्या माडीपर्यंत पोचल्याच नसत्या. निवेदकाच्या शब्दाशिवाय उभी राहणारी अशी एखादी गोष्ट प्रत्येक प्रकरणात शोधावी. ज्या दिवशी ‘मी’ कोसळतो त्या दिवशी एवढ्याच गोष्टी हातात उरतात.

फसतं कुठे

सर्वांत मोठी फसगत म्हणजे पहिल्या पानापासून निवेदकावर संशय घेणं. मग कुठल्याच वाक्याचा आनंद मिळत नाही. एका तड्यापर्यंत विश्वास ठेवावा, दुसऱ्या तड्यानंतर वही उघडावी. आणि प्रत्येक विसंगती म्हणजे धागा नव्हे. वॉटसनची लढाईतली जखम पहिल्या कादंबरीत खांद्याला आहे आणि १८९० च्या दुसरीत पायाला. त्यामागे काही कट नाही, लेखक विसरला एवढंच. फरक ओळखायची एक खूण आहे: मुद्दाम पेरलेल्या विसंगतीला पुस्तकातलं कुणीतरी कधी ना कधी अडखळतं. लेखकाच्या विसराळूपणाला कुणीच अडखळत नाही.

अनुवाद वाचताना आणखी एक पथ्य. इंग्रजीत दाराआडून बोलणारी व्यक्ती बाई की पुरुष हे शंभर पानं झाकून ठेवता येतं. मराठीत क्रियापद ते लगेच ओकतं. म्हणून अनुवादक ‘ती व्यक्ती’, ‘कुणीतरी’ अशी कसरत करतो. ती त्याची अडचण आहे, तिला सुगावा समजू नका. ‘तो’ की ‘ते’ हाही अनुवादकाचा निर्णय. मूळ मराठी पुस्तकात मात्र यालाच सोन्याचा भाव: दीडशे पानं ‘नानासाहेब म्हणाले’ लिहिणारा निवेदक एकदाच ‘म्हणाला’ लिहून गेला, तर तो राग जुना आहे.

आजच्या पुण्यात घडणाऱ्या कादंबरीत कायदाही तपासता येतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि खुनाची शिक्षा तिच्या कलम १०३ मध्ये आहे. त्यानंतरच्या खुनाबद्दल चहाच्या टपरीवरचा माणूस ‘तीनशे दोन’ म्हणाला तर ते खरंच वाटतं, सवय एवढ्यात जात नाही. पण निवेदक वकील असून आरोपपत्रात ३०२ लिहिलंय म्हणत असेल, तर चूक निवेदकाची नाही.

उकलीच्या आधी थांबणं, आणि दुसरं वाचन

साधारण तीन चतुर्थांश पुस्तक झालं, तपास करणाऱ्याने सगळ्यांना एकत्र बोलावलं किंवा ‘आता माझ्या लक्षात आलं’ म्हटलं, की पुस्तक मिटा. कुणी, कसं, का, आणि निवेदकाच्या कुठल्या वाक्यावरून, एवढ्या चार ओळी लिहा. चौथी ओळ लिहिता आली नाही तर तो अंदाज नव्हे, मटका आहे. रात्र जाऊ द्या. सकाळी उरलेलं वाचा.

दुसरं वाचन पूर्ण पुस्तकाचं नसलं तरी चालतं. कागदावरची प्रश्नचिन्हं असलेली पानं, खुनाच्या रात्रीचं प्रकरण आणि पहिली तीस पानं एवढंच परत वाचा. तासाभराचं काम आहे. निवेदक कुठे खरं बोलूनही दिशाभूल करतो, कुठे ‘थोड्या वेळाने’ म्हणून अर्धा तास गिळतो, ते आता दिसतं. ऑडिओ पुस्तकं याच वेळी ऐकावीत. पहिल्यांदा नको: वाचणाऱ्या कलाकाराला शेवट माहीत असतो आणि आवाजात तो नकळत उतरतो, शिवाय मागचं पान चटकन उलटता येत नाही.

चारसहा जणांनी मिळून वाचायचं असेल तर प्रती एकाच आवृत्तीच्या घ्या, नाहीतर पानांचे आकडे जुळत नाहीत आणि संध्याकाळ त्यातच जाते. थांबायचं पान आधी ठरवा. ज्याने पुस्तक आधी वाचलंय त्याने पहिल्याच दिवशी तसं सांगावं आणि चहा-खारीची जबाबदारी घ्यावी; चर्चेत त्याचा चेहरा कुणी बघणार नाही अशा जागी त्याला बसवा. प्रत्येकाने चार ओळींची चिठ्ठी घडी घालून डब्यात टाकायची. उकल वाचून झाल्यावर चिठ्ठ्या उघडताना आधी चौथी ओळ मोठ्याने वाचा आणि मग नाव. बरोबर नाव चुकीच्या वाक्यावरून काढणाऱ्याला गुण द्यायचे की नाही, हे मात्र आधीच ठरवून ठेवा. पुण्यात हा वाद ऐनवेळी सुरू झाला तर मिटत नाही.